एकोणीस नंबरचं पोर्ट

१

कंपनीत पोचलं की चहाच्या आधी मी लॉग बघायचे. बाकीचे लोक मोबाइलवर बातम्या चाळत, तसं मी स्विचनं, म्हणजे कॉम्प्युटरांच्या वायरी जिथं येऊन मिळतात त्या डब्यानं, रात्रभरात काय लिहून ठेवलंय ते चाळायचे. बहुतेक दिवशी त्यात वाचण्यासारखं काही नसे, आणि माझ्या नोकरीत तीच चांगली बातमी असते.

आमची कंपनी चाकणला, गाड्यांचे पत्र्याचे भाग बनवणारी. तिथलं नेटवर्क मी सांभाळायचे. नेटवर्कवरच्या प्रत्येक कॉम्प्युटरला दोन ओळखी असतात. एक पत्ता, तो आम्ही देतो. दुसरा एक नंबर, तो बनतानाच त्याच्या अंगावर कोरलेला येतो. दिवसभर मशिन्स एकमेकांना हाका मारत असतात, अमुक पत्त्यावर कोण आहे? ज्याचा पत्ता तो ओरडतो, मी आहे, हा घ्या माझा नंबर. हे उत्तर खरं की खोटं ते एरवी कुणी तपासत नाही. जो उत्तर देईल तोच त्या पत्त्यावर राहतो असं सगळे धरून चालतात. म्हणून स्विचवर पहारा बसवावा लागतो. त्याला एआरपी इन्स्पेक्शन म्हणतात. कुठला पत्ता कुठल्या नंबराचा, ह्याची नोंद स्विच जवळ ठेवतो. येणारं प्रत्येक उत्तर त्या नोंदीशी ताडून बघतो आणि खोटं निघालं तर तिथंच टाकून देतो. लॉगमध्ये तशी ओळ पडते. नाकारलं. कुठल्या पोर्टवरून, म्हणजे वायर खोचायच्या कुठल्या भोकातून, कुठल्या नंबरानं, कुणाच्या पत्त्यासाठी.

अशा ओळी अधूनमधून यायच्याच. कुणी ठेकेदाराचा माणूस स्वतःचा लॅपटॉप आणून जोडायचा, कुणी जुना प्रिंटर परत लावायचा. पण फेब्रुवारीतल्या त्या सोमवारी मी लॉग उघडला आणि पानंच्या पानं एकाच ओळीनं भरलेली दिसली. जुन्या प्रेस शॉपमधला स्विच. एकोणीस नंबरचं पोर्ट. तिथून कुणीतरी सारखं सांगत होतं की स्टोअरच्या कॉम्प्युटरचा पत्ता माझा आहे. आणि स्विच दरवेळी त्याला हाकलत होता.

स्टोअरचा कॉम्प्युटर म्हणजे गणराज बिरादारचा. गणराज उदगीरकडचा. थेरगावात डांगे चौकाजवळ भाड्यानं राहायचा, मीही तिथलीच, म्हणून कंपनीच्या एकाच बसनं आमचं येणं-जाणं. पूर्वी तो पत्रा दाबून आकार देणाऱ्या प्रेसवर होता. मशीनमध्ये उजव्या हाताची करंगळी अर्धी गेली, तेव्हापासून त्याला स्टोअरला बसवलं होतं. बडबड्या माणूस. बसमध्ये चढला की डबा कुणाच्यातरी मांडीवर ठेवायचा आणि दांडा धरून गप्पा सुरू करायचा.

मी त्याला फोन केला. "गणराज, तुझं मशीन नीट चालतंय ना?"

"चालतंय की मॅडम. मधी मधी अडकतंय, पण त्याला आता सवय झाली माझी."

त्यानं हसून फोन ठेवला. मला वाटलं, कुठलीतरी सैल केबल असेल.

२

जुनं प्रेस शॉप म्हणजे आता नुसता पत्र्याचा हॉल. प्रेस मशिन्स नव्या शेडमध्ये गेली, ती जिथं उभी होती तिथं जमिनीवर तेलाचे काळे चौकोन राहिले. वर पत्र्याच्या सांध्यात कबुतरं. एका भिंतीवर लोखंडी कपाट, त्यात तो स्विच, आणि त्याच भिंतीच्या पलीकडे स्टोअर. स्टोअरला लाइन तिथूनच जायची, म्हणून स्विच काढला नव्हता.

मी हिंदुरावांना घेऊन गेले. हिंदुराव आमचे इलेक्ट्रिशियन, आंबेठाणचे, कंपनी उभी राहिली तेव्हापासूनचे. त्यांनी कपाट उघडून फडक्यानं धूळ पुसली आणि वाकून बघितलं.

"मॅडम, एकोणीसमधी काय बी न्हाई. बघा की तुमीच. वायर न्हाई, दिवा न्हाई."

खरंच नव्हतं. पोर्टच्या तोंडाला कोळ्याचं जाळं होतं. मी लॅपटॉप जोडून लॉग चालू केला. आमच्या डोळ्यांसमोर ओळ पडली. पोर्ट एकोणीस. नाकारलं. मग आणखी एक. हिंदुरावांनी एकदा स्क्रीनकडे बघितलं, एकदा त्या जाळ्याकडे.

"हे काय वाऱ्यातनं येतंया व्हय?"

"स्विच बिघडला असेल," मी म्हणाले. "आकडे चुकीचे दाखवत असेल."

मी कमांड देऊन ते पोर्ट बंद केलं. ओळी थांबल्या नाहीत.

तेवढ्यात माझ्या लक्षात आलं की पायाखाली काहीतरी धपकतंय. अगदी संथ. चपलेच्या तळव्याला कळेल इतकंच. जड प्रेस खाली येताना येतो तसा हादरा, पण खूप लांबून आल्यासारखा.

"शेजारच्या कंपनीत प्रेस आहे का?"

"शेजारी गोडाऊन हाय," हिंदुराव म्हणाले. त्यांनीही ते ऐकलं होतं. त्यांनी फडकं खांद्यावर टाकलं आणि कपाट पटकन लावून घेतलं. "चला मॅडम. हितं आमी जास्त येळ थांबत न्हाई. गरम व्हतं पत्र्यानं."

फेब्रुवारीची सकाळ होती. हॉल थंडगार होता.

३

स्विच बनवणाऱ्यांच्या मदतकेंद्रात मी तक्रार केली. त्यांनी नवं सॉफ्टवेअर टाका म्हणून सांगितलं. टाकलं. फरक पडला नाही. तो खोटा नंबर मी शोधून पाहिला. अशा नंबराच्या सुरुवातीच्या आकड्यांवरून मशीन कुठल्या कंपनीचं ते कळतं. हे आकडे कुठल्याच कंपनीचे नव्हते.

माझे साहेब, सलिल सर, ह्यांच्यापुढं मी सगळं ठेवलं. त्यांचं डोकं ऑडिटमध्ये होतं. आमच्या मोठ्या परदेशी ग्राहकाची माणसं येणार होती आणि त्यांच्यावर पुढच्या कामाचं सगळं अवलंबून होतं.

"चित्रा, ती ओळ नाकारली जातेय ना? मग स्विच काम करतोय."

"सर, पण पोर्टला काही जोडलेलंच नाहीये."

"मग काळजी कसली? जोडलेलं नाही म्हणजे धोका नाही." त्यांनी चष्मा काढून डोळे चोळले. "मला फक्त एवढं कळतं की ऑडिटर लॉग उघडणार आणि पान भरून लाल बघणार. मग त्यांना समजावत कोण बसेल? ते पोर्ट ट्रस्टवर टाक. ऑडिट झालं की परत काढ."

स्विचच्या भाषेत ट्रस्ट म्हणजे, ह्या दारानं येणाऱ्याला काही विचारू नकोस, हा आपला आहे. मी दोनदा नको म्हणाले. शेवटी सरांनी माझ्या खुर्चीमागं उभं राहून स्वतःच पुढं वाकून ती कमांड टाइप केली.

दुसऱ्या दिवशी सकाळी लॉग कोरा होता. मी चहा घेतला. बरं वाटायला हवं होतं.

४

त्यानंतरची गोष्ट गेटवरची. चेहरा बघून हजेरी लावणारं मशीन आमच्या खात्याकडे असतं, म्हणून सिक्युरिटीचा फोन मला आला. एकाची हजेरी लागत नाहीये म्हणाले.

गेटवर गणराज उभा होता. हातात डबा. सकाळी आम्ही एकाच बसनं आलो होतो. तो टपरीवर चहाला थांबला होता, मी पुढं आले होते.

"मॅडम, हे बघा की. म्हणतंय मी आत गेलोय."

मशीनसमोर त्यानं परत तोंड धरलं. पडद्यावर त्याचा फोटो आला, खाली नाव आलं, आणि हिरव्याऐवजी पिवळी पट्टी. कर्मचारी आधीच आत आहे.

असं होतं कधीकधी. चेहरा ओळखण्यात मशीनची गल्लत होते, कुणा दुसऱ्याची हजेरी लागून जाते. स्टोअरमध्ये दुसरं कोण आहे ते विचारावं म्हणून मी सिक्युरिटीच्या टेबलावरून तिथला नंबर फिरवला. रिंग वाजलीच नाही. लगेच आवाज आला.

"स्टोअर. गणराज बोलतोय."

त्याचाच आवाज. तेच शेवटचं अक्षर ओढणं. मी मान वर करून बघितलं. काचेपलीकडं गणराज डबा ह्या हातातून त्या हातात घेत उभा होता, तोंड बंद.

"कोण बोलतंय?" मी विचारलं.

"गणराज, मॅडम," माझा प्रश्न पुरा होण्याआधीच उत्तर आलं. "बोला ना."

मी फोन ठेवला. कुणीतरी चेष्टा करतंय, मी स्वतःला सांगितलं. स्टोअरमध्ये पोरं असतातच, एकमेकांच्या नकला करतात. मी रजिस्टरवर सही करून गणराजला आत सोडलं आणि त्याच्याबरोबरच स्टोअरपर्यंत गेले. आत कुणी नव्हतं. लांब लांब रॅक, निळे ट्रे, ट्यूबलाइटची घरघर. त्याच्या टेबलावर चहाचा कप होता. वाफ येत होती.

गणराज कपाकडं बघत राहिला. मग खुर्चीला हात लावला आणि पटकन काढून घेतला.

"गरम हाय," तो म्हणाला. मग माझ्याकडं न बघता म्हणाला, "मॅडम, मला काही कळंना गेलंय. परवा घरी गेलो तर दीपमाला म्हणली, आत्ता तर जेवून बाहेर गेलात, परत भूक लागली का? मला वाटलं चेष्टा करायली. पण ताट होतं हो. माझं ताट. खरकटं."

"झोप होत नाहीये तुझी," मी म्हणाले. "ओव्हरटाइम किती करतोस."

"तसंच असंल," तो म्हणाला. पण खुर्चीवर बसला नाही.

५

ऑडिटच्या दिवशी सकाळी बस डांगे चौकात आली. मी एक स्टॉप आधी चढून खिडकीशी बसले होते. सिग्नलच्या पुढं, भाजीवाल्यांच्या गाड्यांपाशी गणराज उभा होता. पांढरा शर्ट, हातात डबा. त्यानं हात वर केला.

बस थांबली नाही.

तो पळत आला. बसच्या पत्र्यावर त्यानं हात मारलेला मी ऐकला. माझ्या खिडकीखाली त्याचा चेहरा आला, तोंड उघडलेलं, काहीतरी ओरडत होता. काच बंद होती आणि बाहेर हॉर्नचा गोंगाट.

"अहो थांबा!" मी ड्रायव्हरला ओरडले. "गणराज राहिलाय!"

ड्रायव्हरनं आरशात बघितलं. "मॅडम, गणराज मागं बसलाय की. पहिल्या स्टॉपलाच चढला आज."

मी वळून बघितलं. अगदी शेवटच्या बाकावर, खिडकीला डोकं टेकून कुणीतरी झोपलं होतं. टोपी नाकापर्यंत ओढलेली. हात मांडीवर, हातात स्टोअरचे सुती हातमोजे. पुढं बसलेल्यांनी वळूनही बघितलं नाही. सगळे आपापल्या मोबाइलमध्ये.

मी गणराजचा नंबर लावला. बसच्या मागच्या टोकाला फोन वाजला.

एकदाच वाजला आणि उचलला गेला. मागच्या माणसाची मान खिडकीवरून हलली नव्हती.

"बोला ना मॅडम," माझ्या कानात आवाज आला.

चार बाकं ओलांडून जायचं आणि ती टोपी वर करायची, एवढंच होतं. मी गेले नाही. आजही मी त्या अंतराचा विचार करते. बस स्पाइन रोडला लागली आणि मी मांडीवरच्या पर्सकडं बघत बसून राहिले, चाकण येईपर्यंत.

६

ऑडिट छान झालं. सलिल सरांनी सगळ्यांना पेढे वाटले. मी माझा पेढा तसाच ठेवून टेबलावर गेले आणि एकोणीस नंबरचा ट्रस्ट काढून टाकला. पहारा परत चालू.

ओळी लगेच यायला लागल्या. पोर्ट एकोणीस, स्टोअरचा पत्ता, नाकारलं. मला जवळजवळ हायसं वाटलं. मग मी नंबर वाचला.

तो नंबर आता खोटा नव्हता. तो गणराजच्या कॉम्प्युटरचा होता, मी स्वतः नोंदवलेला, खरेदीच्या दिवसापासूनचा. आणि स्टोअरच्या टेबलावरून, ज्याला स्विच काही न विचारता आत सोडत होता, तो होता दुसरा. कुठल्याच कंपनीचा नसलेला. मधल्या दिवसांत दारावर कुणी नव्हतं, तेवढ्यात नोंद बदलली होती. आता स्विचच्या लेखी तोच खरा होता, आणि खरा होता तो त्या जाळं लागलेल्या पोर्टवरून सांगत होता, मी आहे, मी आहे. आणि माझा पहारा त्याला हाकलत होता.

मी स्टोअरला गेले. तो टेबलापाशी बसला होता. पाठ ताठ. गणराजच्या टेबलावर नेहमी पसारा असायचा, बिस्किटाचे पुडे, मुलीनं काढलेली चित्रं. आता काही नव्हतं.

"मशीन जरा बघायचं—"

"बघा ना मॅडम." तो खुर्ची सरकवून उठला, माझं बोलणं संपायच्या आत.

मी खाली वाकून कॉम्प्युटरच्या मागचं स्टिकर वाचलं. दुसरा नंबर. छापलेला, किंचित पिवळा पडलेला, वर्षानुवर्षं तिथंच असल्यासारखा. वाकलेली असताना मला त्याचे बूट दिसत होते. ते माझ्याकडे वळलेले होते आणि जरासुद्धा हलत नव्हते. माणूस उभा राहिला की कधी ह्या पायावर, कधी त्या पायावर भार देतो. हा देत नव्हता.

"सापडलं का, मॅडम?"

"हो," मी म्हणाले. "ठीक आहे सगळं."

मी त्याच्या हातांकडं बघायचा प्रयत्न केला. हातमोजे होते. उजव्या हाताची पाची बोटं भरलेली दिसत होती. कापूस कोंबला असेल, मी मनाशी म्हणाले. लोक कोंबतात.

७

रविवारी दुपारी दीपमाला माझ्या घरी आली. गणराजची बायको. एकदोनदा बाजारात भेटलो होतो, तेवढीच ओळख. बरोबर पाच वर्षांची ओवी. माझ्या नवऱ्यानं, श्रीपादनं, ओवीला गॅलरीत कुंड्या दाखवायला नेलं आणि दीपमाला पदराचं टोक बोटाला गुंडाळत बसली.

"मॅडम, कंपनीत काही झालंय का ह्यांचं?"

"का? काय झालं?"

"काही नाही झालं. तेच तर. चिडत नाहीत. वेळेवर येतात. ओवीला गोष्टी सांगतात, आधी कधी सांगत नव्हते. तिला तर आता ह्यांच्याशिवाय झोप येत नाही." तिनं गॅलरीकडं बघितलं आणि आवाज खाली आणला. "मी विचारायच्या आधी उत्तर देतात. मी म्हणायच्या आधी पाणी आणून देतात. शेजारणी म्हणतात, नशीब काढलंस."

मी गॅलरीचं दार लोटून घेतलं.

"परवा वाढताना बघितलं. बोट आहे, मॅडम." तिनं स्वतःची करंगळी धरली. "पूर्ण. नख आहे. मी ह्या हातानं वर्षभर पट्टी बांधली त्या बोटाला. मला म्हणाले, असं काय बघतेस, जेव."

"कुणाला सांगितलंत?"

"काय सांगू? नवऱ्याला बोट फुटलं म्हणून?" ती हसली आणि हसताहसता तिचे डोळे भरून आले. "हे बरे आहेत, मॅडम. खोटं नाही सांगत. ह्यांचा काही त्रास नाही. पण माझा माणूस कुठाय? तो चिडका होता, घोरायचा, पण माझा होता. तो कुठं जेवत असेल?"

बसच्या पत्र्यावर पडलेला हात मला ऐकू आला. मी तिला त्या सकाळचं सांगितलं. लॉगचंही सांगितलं, जमेल तितकं सोपं करून. तिला स्विच कळला नाही, पण उरलेलं कळलं.

"म्हणजे ते आत यायला बघतायत," ती म्हणाली. "आणि तुमचं मशीन त्यांना आत घेत नाही."

मी इंजिनिअर आहे. मी तिला म्हणायला हवं होतं की तसं काही नसतं, नंबर म्हणजे माणूस नव्हे. मी म्हणाले, "उद्या बघते."

८

सोमवारी दुपारी जेवणाच्या सुट्टीत मी परत जुन्या प्रेस शॉपमध्ये गेले. हिंदुराव आधी नको म्हणाले, मग टॉर्च घेऊन आलेच. टॉर्चची गरज नव्हती. पत्र्याच्या भोकांतून उन्हाचे गोळे जमिनीवर पडले होते.

धपका आता जवळ आला होता. धप. मग बराच वेळ काही नाही. मग धप. दरवेळी कपाटाची कडी बारीकशी वाजायची.

"मी ह्या प्रेसच्या वायरी जोडण्यात आयुष्य काढलं, मॅडम," हिंदुराव कुजबुजले. "हा आवाज मला झोपंत बी कळंल. पण मशीन तर हितनं नेलं की वो."

कपाटाशेजारी भिंतीला एक खिळा होता. त्याला डब्याची पिशवी लटकत होती. निळी, बंद तुटलेला, वर दोऱ्यानं शिवलेला. बसमध्ये कितीदा तरी माझ्या मांडीवर असायची ती. मी हात लावला. डबा भरलेला होता. झाकण उघडायचं धाडस झालं नाही, आतलं कधीचं आंबलंय ते वासावरूनच कळलं.

"मॅडम," हिंदुराव म्हणाले. "खाली बघा."

धुळीत बुटांचे ठसे होते. पुष्कळ, एकावर एक, त्या भिंतीसमोरच्या हातभर जागेत. सगळे भिंतीकडं तोंड करून. तिथपर्यंत आलेलं एकही पाऊल दिसत नव्हतं. गेलेलंही नाही. भिंतीवर छातीच्या उंचीला चुना घासून गेला होता, तळहाताएवढे डाग. उजवीकडच्या डागाला पाचवं बोट अर्धंच होतं.

भिंतीपलीकडं स्टोअर होतं. कुणीतरी खुर्ची सरकवल्याचा आवाज आला.

हिंदुरावांनी माझा दंड धरला. "काय करायचं ते तुमच्या जाग्यावर बसून करा. हितं नको. चला."

मी टेबलावर जाऊन बसले. सलिल सर मीटिंगमध्ये होते. मी कुणाला विचारलं नाही. स्विचला हातानं नोंद देता येते, की हा पत्ता ह्याच नंबराचा, मग तो कुठल्याही पोर्टवरून बोलो. मी स्टोअरचा पत्ता लिहिला. त्यापुढं गणराजच्या मशीनचा जुना नंबर, एकेक अक्षर दोनदा तपासून. आणि दाबलं.

लॉगमध्ये ओळ पडली. पोर्ट एकोणीस. स्वीकारलं.

त्यानंतर काही आलं नाही. ना नाकारलं, ना स्वीकारलं. मी स्क्रीनकडं बघत होते, तेव्हा टेबलावरचा फोन वाजला.

"मॅडम, स्टोअरमधून बोलतोय. माझं मशीन नेटवर्कमधनं बाहेर पडलंय." आवाज शांत होता. रागावलेला नव्हता.

मी रिसीव्हर कानाला घट्ट धरला.

"बरं," तो म्हणाला, जणू मी काही बोलले होते. "इथलं काम झालं म्हणायचं. मग मी घरी जातो."

मी धावत स्टोअरला गेले तेव्हा खुर्ची रिकामी होती. हातमोजे टेबलावर नीट घडी करून ठेवले होते. गेटवर विचारलं. रजा टाकून गेला म्हणाले, डबा हलवत.

९

मी तशीच निघाले. दीपमालाला फोन लावत राहिले, लागत नव्हता. संध्याकाळ व्हायला आली होती. रिक्षा मोशीच्या पुढं अडकली, चारी बाजूंनी कंटेनर, पुढं काही हलत नव्हतं. मग तिचाच फोन आला.

"मॅडम," ती रडत होती, हसत होती, मला ओळखू येईना. "ते आलेत. माझे. खाली गेटपाशी उभेत. गॅलरीतनं दिसतायत. किती वाळलेत हो. सगळ्या अंगावर धूळ. वर बघतायत."

"तेच आहेत ना? नक्की?"

"हात वर केलाय. बोट नाही, मॅडम. बोट नाही."

मी रिक्षातच डोळे मिटले. असं वाटलं की बऱ्याच दिवसांनी पहिल्यांदा श्वास घेतेय.

"मग खाली जा," मी म्हणाले. "वर घेऊन या त्यांना. लवकर."

तिच्या मागं ताट सरकवल्याचा आवाज आला, मग पाण्याच्या भांड्याचा.

"दीपमाला? जाताय ना?"

"कशी जाऊ?" ती इतक्या हळू बोलली की मला फोन कानात दाबावा लागला. "हे जेवत होते. बेल वाजली पण नाही, तर उठले. म्हणाले, तू बस, मी बघतो कोण आहे. ओवीचा हात धरून निघालेत."

पुढं तिचा आवाज आला नाही. फोन चालू होता. जिन्यावरून उतरणारी पावलं ऐकू येत होती. एक जड, सावकाश, एकसारखं. आणि त्याच्याबरोबर एक छोटं, उड्या मारत जाणारं.